निम्मा डोस

दुकानावर पाटी होती, पण ती वाचायचे कष्ट कोणी घेत नसे. "ताईंकडे शिवायला टाकलंय" एवढं म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नसे. ताई कापड बेतायची आणि तिची धाकटी बहीण चिमी ते शिवायची. चिमी हे नाव लहानपणी पडलं, तेव्हा ती खरोखरच चिमणीएवढी होती. पुढे ती पंचाण्णव किलोंची झाली, पण नाव काही कोणी बदललं नाही. "चिमीकडे द्या" असं नव्या गिऱ्हाइकाला सांगितलं की ते दुकानात एखादी बारकीशी मुलगी शोधत बसायचं आणि मशीनमागची चिमी गालात हसत राहायची.

ताईही काही कमी नव्हती. फरक इतकाच की ती उंच होती, त्यामुळे तिचं वजन तिच्या अंगावर सुखाने नांदत होतं. दोघी बिनलग्नाच्या. ताईसाठी एकदा एक जण घरी येऊन गेला होता. माणूस चांगला होता, नोकरीही चांगली होती, पण त्याने चहाबरोबर फक्त अर्धं बिस्किट खाल्लं आणि उरलेलं बशीत ठेवून दिलं. तो गेल्यावर ताईने आईला स्पष्ट सांगितलं, की अर्धं बिस्किट टाकणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढणं आपल्याला जमायचं नाही. आईने डोक्याला हात लावला. चिमीने मात्र उरलेलं बिस्किट उचलून तोंडात टाकलं आणि तो विषय तिथेच मिटला.

एक वाजला की दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. पूर्ण खाली ओढलं तर आत अंधार व्हायचा, आणि ताटात काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ताईला जेवण जात नसे. बेतायच्या टेबलावरचं कापड बाजूला सरकवून त्यावर वर्तमानपत्र पसरायचं, मग डबे उघडायचे. लोण्यात परतलेले बटाटे, उकडलेली अंडी, जाड कापलेला पाव, एखाद्या दिवशी मासा. बाहेरून जाणाऱ्यांना शटरखालून चार पाय दिसायचे आणि हसण्याचा आवाज यायचा. त्या वेळी दुकानात शिरायची हिंमत कोणी करत नसे. शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी एकदा केली होती. बटण लावायला म्हणून आले आणि तासभराने पोटावर हात फिरवत परत गेले. बटण तसंच राहिलं.

दोघींची ही भूक जुनी होती, आणि तिचं मूळ फार साधं होतं. लहानपणी त्यांना पोटभर मिळालं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीला एकच झडप, आणि खिडकीपाशी बसून शर्टांची काजं करणारी आई. कारखान्यातून गठ्ठे यायचे, आई काजं करायची, गठ्ठे परत जायचे. वडील लवकर गेले होते. संध्याकाळी आई खाली जाऊन काहीतरी आणायची, आणि ते काहीतरी नेहमी एकच असायचं. एक पाव, एक अंडं, एखादं नासपती, कधी कडेने जळलेला केक. दोन मुली आणि एक वस्तू, म्हणजे भांडण ठरलेलंच. त्यावर आईने एक कायदा केला होता. एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. ताई मोठी, म्हणून सुरी तिच्या हातात. एक भाग जरा जरी मोठा झाला तरी चिमीचा हात अचूक त्याच्यावर पडायचा. पहिले काही महिने ताई रोज हरली, रोज रडली. मग तिची नजर तयार झाली. अंडं कापायला ती दोरा वापरायची, म्हणजे पिवळं बरोबर मधोमध तुटायचं. पाव कापण्याआधी तो हातात घेऊन कुठल्या बाजूने जड लागतो ते बघायची. शेवटी अशी वेळ आली की चिमी दोन तुकड्यांकडे बघत बसायची आणि तिला काही ठरवता यायचं नाही. ताईच्या आयुष्यातला तो पहिला मोठा विजय होता. पुढे किती लोकांनी तिच्या बेतण्याचं कौतुक केलं, पण चिमीच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ तिला जास्त आवडायचा.

आईने तिला कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंपीमास्तरांकडे शिकायला पाठवलं. त्यांनी हातात खडू दिला आणि पट्टीशिवाय रेघ मारायला सांगितली. ताईने मारली. मास्तरांनी त्या रेघेला पट्टी लावून बघितली, चष्मा पुसला, पुन्हा लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला झाडू मारायला लावायचं बंद केलं. चिमीला मशीन आवडलं, कारण तिथे बसून काम होतं. दोघींचं दुकान झालं तेव्हा आई होती. नव्या दुकानात आईने स्टुलावर बसून पहिल्या कोटाची काजं केली, आणि त्या दिवशी तिघींनी एक अख्खा केक आणला. तो कापताना ताईने मुद्दाम एक तुकडा मोठा कापला आणि आईपुढे ठेवला. आईने तो गुपचूप दोघींच्या ताटल्यांत वाटून टाकला. आया अशाच असतात, त्यांना दुकान झालं काय आणि नाही झालं काय.

अशी चाळीस वर्षं गेली. मापाच्या वह्या एकावर एक साठत गेल्या. कोणाची कंबर कधी वाढली, कोणाचा खांदा कधी उतरला, कोणी छाती फुगवून माप दिलं आणि मग कोट ढगळ झाला म्हणून भांडायला आला, सगळं त्यात होतं. ताईला त्या वह्या चाळायला आवडायचं. गेलेल्या माणसांची मापं बघून तिला त्यांचं चालणं, बोलणं आठवायचं.

मग एका वर्षी गंमत सुरू झाली. लोक कपडे आत घ्यायला आणू लागले. आधी बँकेतल्या बाई आल्या, मग दातांचे डॉक्टर आले, मग गाडी चालवायला शिकवणारे गुरुजी आले, ज्यांच्या पोटाला पुढच्या सीटचा पट्टा पुरत नसे. प्रत्येक जण सांगायचा की रोज चालायला जातो. रस्त्यावर चालताना मात्र त्यातला एकही दिसत नसे. ताईला काही कळेना. शेवटी समोरच्या औषधवाल्याने फोड करून सांगितलं. साखरेच्या पेशंटांसाठी एक इंजेक्शन निघालं होतं, आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं. त्याने भूकच मरते. साखर नसलेले लोकही बारीक व्हायला तेच घेत सुटले होते, आणि खऱ्या साखरवाल्यांना ते पुरेनासं झालं होतं.

ताईने भुवया उंचावल्या. कारण ते इंजेक्शन तर ती स्वतःच वर्षभर घेत होती.

ताईला साखर होऊन दहा वर्षं झाली होती. गोळ्यांनी ती ऐकेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हे पेन सुरू केलं. पेन म्हणजे लिहायच्या पेनासारखंच दिसायचं. मागचं चाक फिरवायचं, आकडा आला की टोचायचं. ताईची साखर खाली आली, सहा-सात किलो वजनही गेलं. पण भूक गेली ती मात्र तिच्या मनाला फार लागली. एक वाजायचा, शटर खाली यायचं, डबे उघडायचे, आणि ताईला त्यातलं काही नकोसं व्हायचं. ती चिमीकडे बघत बसायची. एकदा तिने डॉक्टरीणबाईंना विचारलंही, की भूक ठेवून नुसती साखर नेता येणार नाही का. त्यांनी हसून नाही म्हटलं आणि मग हसणं आवरून एक गोष्ट सांगितली. ताईच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक नसा नाजूक झाल्या होत्या. साखर अशीच ताब्यात राहिली तर डोळे राहतील, वाढली तर काही सांगता येणार नाही. ताईने मान डोलावली. ही गोष्ट तिने घरी सांगितली नाही. चिमीला काळजी लागली की ती चुकीची टीप मारते, एवढं कारण तिला पुरेसं वाटलं.

आणि चिमीला काळज्या कमी नव्हत्या. तिचे गुडघे गेले होते. उजवा तर इतका, की पाऊल टाकताना ती अख्खी एका बाजूला झुकायची आणि हाताला सापडेल ती वस्तू धरायची. दोघी राहायच्या दुकानाच्याच वर, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी चिमी जिना उतरायची ती कठडा धरून, उलटी, पाठमोरी. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, की गुडघा बदलता येईल, पण या वजनावर नाही. पंधरा किलो उतरवा आणि या.

पंधरा किलो म्हणजे काय चेष्टा आहे? चिमीने प्रयत्न केला. तिने पाव सोडला, मग चार दिवसांनी पावाने तिला परत बोलावलं. तिने रात्रीचं जेवण सोडलं, आणि त्याची भरपाई सकाळी झाली. ज्या मुलीने लहानपणी भूक पोटभर भोगली, तिला म्हातारपणी कोणी भुकेलं राहा म्हटलं तर ते तिच्या अंगवळणी कसं पडावं? मग तिने ते इंजेक्शन मागितलं. डॉक्टरांनी कागद लिहून दिला, पण औषधवाल्याने हात वर केले. माल येत नाही, येतो तो आधी साखरवाल्यांना. तुमचं नाव यादीत लिहून ठेवतो, सहा महिने लागतील, वर्षही लागेल.

एका सकाळी ताई दुकान उघडायला निघाली तर चिमी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. तोंडावर पदर नाही, रुमाल नाही, उघडपणे रडत होती. ताईला बघून म्हणाली, "तू हो पुढे, मी येते." साठ वर्षांत ताईने चिमीला भुकेने रडताना बघितलं होतं, आई गेली तेव्हा रडताना बघितलं होतं, पण आपल्याला "तू हो पुढे" असं म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी ताईने पेन काढलं, चाक नेहमीच्या आकड्याच्या निम्म्यावर आणलं आणि स्वतःला टोचलं. मग सुई बदलली, चाक पुन्हा निम्म्यावर आणलं आणि चिमीला पोट उघडं करायला सांगितलं.

"माझी साखर उत्तम आहे," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी डोस निम्मा केलाय. उरलेला वाया कशाला घालवायचा?"

चिमीने क्षणभर तिच्याकडे बघितलं. तिला खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं. या घरात प्रत्येक गोष्ट निम्मीच व्हायची. ताईलाही, खरं सांगायचं तर, त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टर एका माणसाचा हिशोब करतात, आपण दोघी आहोत, हे त्यांना कुठे ठाऊक, असंच काहीसं तिच्या मनात होतं. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नसतं, रक्तातलं काहीबाही त्यातून जाऊ शकतं, हे त्या दोघींना माहीतही नव्हतं.

औषधाने पहिले दोन आठवडे चिमीच्या नाकी नऊ आणले. मळमळ, ढेकर, तळणाच्या वासाने तोंड फिरवणं. मग ते ओसरलं आणि भूकही ओसरली. अर्धा पाव खाल्ला की ती ताट सरकवायची. महिन्याला दीड किलो, कधी दोन. ताई दर रविवारी तिला वजनाच्या काट्यावर उभं करायची आणि आकडा मापाच्या वहीत लिहायची. पंधराच्या खाली रेघ मारून ठेवली होती. तीन झाले, पाच झाले, सात झाले.

इकडे ताईची भूक परत आली. निम्म्या डोसाला ती पुरती मरेना. एक दिवस दुकानात बसल्या बसल्या ताईच्या पोटात कावळे ओरडायला लागले आणि तिला इतका आनंद झाला, की जुनी मैत्रीण दारात येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं. पण तो आनंद सांगायचा कोणाला? चिमीसमोर ती दोन घास खायची आणि पुरे म्हणायची. मग चिमी मशीनवर बसली की मागच्या खोलीत जाऊन तिने टाकलेलं संपवायची. उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून. जेवणाची चव तीच होती. पण समोर कोणी नव्हतं, त्यामुळे तिला ते फारसं गोड लागत नसे.

एकच्या जेवणाला आता डबे कमी आणि गप्पा जास्त. "तुला आठवतं," चिमी सुरू करायची, आणि मग आईने आणलेला तो जळका केक निघायचा, नासपतीच्या बिया कोणी खायच्या यावरून झालेलं भांडण निघायचं, मास्तरांच्या घरचं सूप निघायचं ज्यात एकदा बटण सापडलं होतं. दोघी समोरचं न खाता साठ वर्षांपूर्वीचं जेवायच्या. हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. ताईला मधेच वाटायचं, की आपण कधी इतक्या गरीब होतो आणि इतक्या सुखात होतो, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

डोळ्यांचं मात्र तिने बोलून दाखवलं नाही. आधी खडूची रेघ पुसट दिसायला लागली. तिने जाड खडू आणला. मग दिवा टेबलाच्या आणखी जवळ ओढला. मग चष्मा बदलला. सुईत दोरा ओवायचं काम चिमीकडे सरकवलं, तेही "तुझी बोटं आता बारीक झालीत" असं म्हणून. तहान फार लागायची. डॉक्टरीणबाईंकडे जायची तारीख आली, तेव्हा तिने दुकानात गर्दी आहे असं कारण काढलं. दुसरी तारीख आली तेव्हा सर्दी झाली. साखर तपासायचं छोटं यंत्र तिने कपाटात अस्तरांच्या ढिगाखाली ठेवून दिलं. तिला सगळं कळत होतं. पण वहीत अकरा किलो झाले होते, चारच राहिले होते. चार किलो म्हणजे दोन-तीन महिने. तेवढे डोळे पुरतील, असं ती मनाशी म्हणायची.

त्याच दिवसांत घड्याळवाले काका एक कोट घेऊन आले. त्यांच्या बायकोचा होता. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. गर्द निळं, जड लोकरीचं कापड, असं आता मिळत नाही. नातीला त्याचं जाकीट हवं होतं. कोट ताईनेच शिवलेला, तीस वर्षांपूर्वीचा. ताईने तो उसवला, कापड इस्त्री केलं, हात फिरवून बघितलं आणि दोन दिवस त्याला कात्री लावली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तिने बेतायला घेतलं.

दुपारी चिमीने बाह्या जोडायला उचलल्या. एक लावली. दुसरी लावायला घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग मशीन थांबलं.

"ताई, दोन्ही बाह्या डाव्या आहेत."

"उलटून बघ."

"बघितलं. या कापडाची मागची बाजू वेगळी आहे, उलटी लावता येत नाही. आणि तूच मला शिकवलंस, की कापायच्या आधी सुलट बाजूवर खूण कर."

खूण होती. ताईनेच केली होती. तिला ती दिसली नव्हती. नवशिकी पोरं ही चूक पहिल्या महिन्यात करतात आणि मास्तरांचा मार खातात. ताईने ती चाळीस वर्षांत कधी केली नव्हती, आणि केली तेव्हा अशा कापडात, ज्याचा उरलेला तुकडा जगात कुठे नव्हता.

चिमी रागावली नाही, ओरडली नाही. उठली, टेबल धरत, भिंत धरत समोर औषधवाल्याकडे गेली. त्याने वही काढून दाखवली. ताईंचा डोस गेल्या वर्षी होता तोच आहे, एका कणाने कमी नाही. आणि डॉक्टरीणबाई दोनदा निरोप ठेवून गेल्या, की ताई तपासणीला का येत नाहीत. चिमी परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुझा डोस निम्मा कधी झाला होता?"

ताईने दोन्ही बाह्या घडी करून बाजूला ठेवल्या.

"माझ्या गुडघ्याला ऑपरेशन आहे. तुझ्या डोळ्यांना काय आहे? सांग ना. काय आहे?"

"चारच किलो राहिलेत," ताई म्हणाली. एवढंच तिला सुचलं.

त्यावर चिमी जी रडली ती मशीनवर डोकं ठेवून रडली. ताई तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तर तिने तो हात झटकला. दोघींच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघींची चांगली खरडपट्टी काढली. दोघींची रक्तं तपासली, आणि ती नीट आली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. पण डोळे त्यांनी दोनदा तपासले. डाव्या डोळ्याच्या मागे रक्त उतरलं होतं. उजव्याची दृष्टी बरीचशी साखरेनेच धूसर झाली होती, त्यातली काही परत येईल. डावा राहणार नाही. लेझर झालं, पूर्ण डोस सुरू झाला, साखर खाली आली. उजव्याने ताईला माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. टेपवरचे आकडे तर अजिबात नाहीत.

जाकिटाचं काय झालं ते सांगायला हवं. ताईने काकांना स्वतः बोलावून चूक दाखवली. त्यांनी दोन्ही बाह्या हातात घेतल्या, बराच वेळ चोळून बघितल्या आणि म्हणाले की बिनबाह्यांचं करा, नातीला तसंही उकडतंच. त्या बाह्या मात्र त्यांनी घरी नेल्या.

चिमी आता ते पेन हातात धरायला तयार नव्हती. चार महिन्यांत यादीत तिचं नाव वर आलं, तिच्या नावाचं पेन आलं, तरी ती घेईना. शेवटी ताईनेच तिला सुनावलं, की माझा डोळा गेलाय तो गेलाय, आता तू चालली नाहीस तर तो फुकट गेला असं मी धरेन. हे बोलणं कठोर होतं, पण ते लागू पडलं. चार किलो गेले, वर दोन आणखी गेले. हाडांच्या डॉक्टरांनी तारीख दिली.

दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. ताईला एकटीने जाता येत नसे. काका तिला दोनदा घेऊन गेले, आणि दोन्ही वेळा चिमी पांघरुणाखाली होती. ऑपरेशनच्या आधी औषध बंद केलं होतं, त्यामुळे तिची भूक परत आली होती, आणि तिने पूर्ण वेळ दवाखान्यातल्या ताटाच्या तक्रारी केल्या. किती पातळ सूप, केवढासा पाव. ताईला ते ऐकून फार बरं वाटलं. व्यायामासाठी तिला आणखी तीन आठवडे तिथेच ठेवलं. शनिवारी सोडू म्हणाले.

चिमीला गुरुवारीच सोडलं. तिने कोणाला कळवलं नाही. दुपारच्या आधी ती रिक्षातून उतरली, काठी दुकानाच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि आत आली.

ताई टेबलापाशी बसून चाचपडत बटणं वेगळी करत होती. दारातल्या उजेडात तिला एक बाई दिसली. सरळ उभी, कशाला न धरता चालत येणारी.

"या," ताई म्हणाली. "काय शिवायचंय? शिवून मिळायला जरा वेळ लागेल. माझी धाकटी बहीण दवाखान्यात आहे, शनिवारी येईल. माप मात्र घेऊन ठेवते."

चिमी तशीच उभी राहिली. ताई उठली, गळ्यातला टेप काढला, पाठीमागे गेली आणि सवयीने खांद्यावर टेप धरला. एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत.

"आकडा वाचता का जरा?" ती म्हणाली. "मला हल्ली दिसत नाही."

चिमीने मान वळवून बघितलं.

"साडेपंधरा," ती म्हणाली.

वजन कितीही उतरलं तरी खांद्याचं हाड उतरत नाही. ताईने तो आकडा आजवर किती वेळा लिहिला होता त्याला मोजदाद नव्हती, आणि आवाज तर काय, तो तिच्या घरचाच. टेप तिच्या हातातून सुटला. ती मागेच उभी राहिली, दोन्ही हात चिमीच्या खांद्यांवर.

मग ताई चाचपत स्टुलावर जाऊन बसली.

"चालून दाखव," ती म्हणाली.

चिमी दारापर्यंत गेली आणि परत आली. ताई मान खाली घालून पावलं ऐकत होती. कुठे झुकणं नव्हतं, काही धरणं नव्हतं, दोन्ही पावलं सारखी पडत होती.

"आणखी एकदा," ताई म्हणाली.